गाजरगवत आणि त्याचा बंदोबस्त

पुण्याच्या नारायण पेठेंतून लकडी पुलाकडे जातांना, किंवा भिडे पुलावरून नदी ओलांडतांना, जो कोणी पावसाळ्याच्या मध्यास मुठेच्या काठाकडे लक्ष देऊन पाहील, त्यास तेथील राडारोड्याच्या ढिगांवर व भिंतींच्या पायथ्याशीं कंबरभर उंचीचें एक झाड माजलेलें आढळेल. पान गाजराच्या पानासारखें कातरलेलें, खोड रेघारेघांचें व लवदार, आणि शेंड्यास ज्वारीच्या दाण्याएवढीं असंख्य पांढरीं फुलें. शहरांतील मनुष्य त्याजकडे ढुंकून पाहत नाहीं. शेतकऱ्यास मात्र त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कोणी त्यास गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, कोणी पांढरी फुली, तर कोणी चटकचांदणी. नांवें निरनिराळीं असलीं तरी जात एकच, आणि उपद्रवही एकच.

नारायण पेठेच्या काठावरील या झाडांशीं आमच्या शेतकरी वाचकांचा काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. संबंध आहे, व तो निकटचा आहे. खडकवासल्याचें धरण भरून मुठेस पाणी सोडलें म्हणजे भिडे पूल पाण्याखालीं जातो, आणि काठावर पिकून पडलेलें बीं पाण्याबरोबर चालूं लागतें. संगमाशीं मुळेस मिळून तें पाणी मुंढवा, मांजरी, थेऊर या गांवांवरून पुढें भीमेस जातें. वाटेंत ज्या मळ्यांस त्या पाण्याचा ओलावा मिळतो, त्यांस त्यांतील बियांचाही वांटा मिळतो. याखेरीज शहराचा कचरा खत म्हणून गाडींतून शेतावर येतो, बांधकामाची माती भर म्हणून येते, आणि गवताच्या पेंढ्यांतून व ट्रॅक्टरच्या चाकांस चिकटून बीं येतें तें निराळेंच. नगरवासी ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्याची खुरपणी शेतकऱ्यास करावी लागते. याकरितां या तणाची उत्पत्ति, त्याची रहाटी व त्याच्या बंदोबस्ताचे उपाय यांचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हें तण आलें कोठून

गाजरगवत आपल्या देशांतलें नव्हे. त्याचें मूळ घर अमेरिका खंडांत, मेक्सिकोच्या आखाताभोंवतालचा उष्ण प्रदेश हें होय. वनस्पतिशास्त्रांत त्यास पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हणतात. सूर्यफूल, झेंडू व करडई ज्या कुळांतील, त्याच कुळांतलें हें आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या १८१४ सालच्या यादींत त्याचें नांव आढळतें; म्हणजे एखादें दुसरें झाड पूर्वींही या देशांत आलें होतें. परंतु तें बागेबाहेर पडून उपद्रव देऊं लागलें असें त्या काळीं झालें नाहीं. त्याच्या खऱ्या प्रसाराचा आरंभ पुण्यांतच झाला. १९५१ सालीं पुण्यांतील कचऱ्याच्या ढिगांवर त्याचीं तुरळक झाडें दिसलीं, आणि पुण्याजवळ मिळालेल्या झाडांवरून १९५६ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्याची रीतसर नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हां हें तण देशभर गेलें त्याची पहिली पायरी आपल्याच दारांत होती, हें पुणेकरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

तें अमेरिकेंतून आलेल्या गव्हाबरोबर आलें अशी सार्वत्रिक समजूत आहे, व ती असंभाव्य नाहीं. मात्र ज्या ‘पी. एल. ४८०’ कायद्याचें नांव या बाबतींत घेतलें जातें तो कायदा १९५४ चा, आणि आपल्या देशानें त्याखालीं करार केला तो १९५६ सालीं. पुण्यांतील पहिलीं झाडें त्यापूर्वींचीं आहेत. तेव्हां बीं त्याआधींच्या एखाद्या आयातींतून आलें असावें, व पुढील आयातीनें त्यांत भर घातली असावी, इतकेंच म्हणणें रास्त होय. ‘काँग्रेस गवत’ या नांवाच्याही दोन उपपत्ति सांगतात: पांढरें फूल गांधी टोपीसारखें दिसतें म्हणून, किंवा अमेरिकेच्या काँग्रेसनें पाठविलेल्या धान्याबरोबर आलें म्हणून. तें कसेंही असो. जबलपुर येथील तण संशोधन संचालनालयाच्या अंदाजाप्रमाणें आज देशांत सुमारें साडेतीन कोटी हेक्टर क्षेत्रांत याचा कमीअधिक प्रादुर्भाव आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एखादें झाड परदेशांतून आलें एवढ्यावरूनच तें वाईट ठरत नाहीं. मिरची, मका, भुईमूग, बटाटा, पेरू हीं सर्व अमेरिकेंतूनच आपल्याकडे आलीं, आणि आज त्यांवाचून आपलें चालत नाहीं. हीं पिकें आपण लावल्यावांचून उगवत नाहींत व आपण सोडून दिलीं तर माजत नाहींत. ज्या परक्या झाडास येथें खाणारा किडा नाहीं, रोग नाहीं, जनावर तोंड लावीत नाहीं, व ज्याचें बीं मुबलक आहे, तेंच झाड घातक होतें. घाणेरी शोभेच्या झुडुपाप्रमाणें कलकत्त्यास आणली, ती आज डोंगर व्यापून बसली आहे. जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांकरितां आणली, ती आज तळीं व नद्या झांकून टाकते. गाजरगवत तर कोणी मुद्दाम आणलेंही नाहीं.

त्याचा आयुष्यक्रम

शत्रूचा बंदोबस्त करावयाचा तर त्याची दिनचर्या ठाऊक पाहिजे. गाजरगवताचें बीं ओल मिळाली कीं वर्षाच्या कोणत्याही महिन्यांत उगवतें. परंतु मुख्य उगवण पहिल्या पावसाबरोबर होते. प्रथम पानें जमिनीस चिकटून चक्राकार पसरतात व आपल्याखालीं दुसऱ्या रोपास उजेड मिळूं देत नाहींत. तीन-चार आठवड्यांत मधून खोड वर येतें, त्यास फांद्या फुटतात, व उगवल्यापासून महिना-दीड महिन्यांत फूल दिसूं लागतें. यानंतर झाड वाढतही राहतें व फुलतही राहतें. म्हणजे एकाच झाडावर कळी, फूल व पिकलेलें बीं एके वेळीं आढळतें. बीं बारीक, काळसर व हलकें असतें. तें वाऱ्यानें थोडें, पण पाण्यानें, चिखलानें व माणसाच्या व्यवहारानें फार दूर जातें.

एका जोमदार झाडास पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. त्यांपैकीं शंभरांत एकच बीं जगलें असें धरूं व बियांची संख्या कमींत कमी, पंधरा हजारच, घेऊं. पहिल्या झाडापासून दीडशें झाडें झालीं. त्या दीडशांपासून दुसऱ्या पिढींत साडेबावीस हजार झालीं. इतकीं झाडें एका गुंठ्यांत पसरलीं तर दर चौरस फुटास वीस रोपें येतात. आणि एका पावसाळ्यांत अशा दोन पिढ्या सहज होतात. कालव्याच्या कडेस व पाणथळ जागीं तर तीन-चारही होतात. बांधावरील एका झाडाकडे ‘असूं द्या’ म्हणून पाठ फिरविणें किती महाग पडतें हें यावरून कळेल.

दुसरी गोष्ट अशी कीं सगळें बीं एकदम उगवत नाहीं. वरच्या थरांतील बीं लवकर उगवून येतें. परंतु नांगरटीनें खोल गेलेलें बीं कित्येक वर्षें जिवंत राहतें, आणि पुढें नांगर फिरून तें वर आलें म्हणजे रुजतें. यास्तव एका वर्षाच्या खुरपणीनें शेत स्वच्छ झालें असें समजणें हा भ्रम आहे.

नुकसान काय होतें

पहिलें नुकसान पिकाचें. हें तण पिकाचें अन्न व पाणी तर खातेंच, शिवाय त्याच्या मुळांतून, पानांतून व कुजलेल्या पाल्यांतून पार्थेनिन नांवाचें व तत्सम इतर कडू द्रव्यें जमिनींत उतरतात व शेजारच्या रोपांची उगवण आणि वाढ खुंटवितात. कांहीं पिकांत चाळीस टक्क्यांपर्यंत उत्पन्न घटल्याची नोंद झालेली आहे. त्याचे पराग टोमॅटो, वांगीं, मिरची, मका यांच्या फुलांवर पडले असतां फलधारणा कमी होते, असेंही प्रयोगांत दिसून आलें आहे. तें रोगांसही थारा देतें. २००० सालीं आंध्रांतील अनंतपुर जिल्ह्यांत भुइमुगावर खोड करपण्याची मोठी सांथ आली होती. तिचे विषाणु गाजरगवतांत कोणतेंही लक्षण न दाखवितां राहतात व त्याच्या परागांच्या संगतीनें फुलकिड्यांच्या द्वारें पिकास लागतात, असें तिच्या तपासांत निष्पन्न झालें.

दुसरें नुकसान चाऱ्याचें. गायरानांत हें शिरलें म्हणजे पवना, मारवेल वगैरे चांगलीं गवतें मागें हटतात. जनावर सहसा त्यास तोंड लावीत नाहीं. परंतु दुष्काळांत, किंवा कडब्यांत मिसळून आल्यामुळें, पोटांत गेलें तर दुधास कडवट वास येतो. आहारांत त्याचें प्रमाण वाढल्यास तोंडास व आंतड्यांस फोड येऊन जनावर दगावल्याचेंही प्रयोगांत आढळलें आहे.

तिसरें नुकसान माणसाचें, आणि तें सर्वांत दुःखद. वारंवार स्पर्श झाल्यानें कित्येकांच्या अंगास, विशेषतः हात, मान, चेहरा व पापण्या यांस, खाज सुटून चामडी जाड व काळी पडते. ही पीडा एकदां जडली कीं पुढें नुसत्या हवेंतील रजानेंही उठते. परागांमुळें शिंका, डोळ्यांतून पाणी व दमा यांचाही त्रास होतो. १९६० नंतरच्या काळांत पुण्याच्याच डॉक्टरांनीं असे अनेक रोगी पाहून या व्याधीकडे वैद्यकीय जगाचें लक्ष वेधलें. आपल्याकडे खुरपणीचें काम बहुशः स्त्रियांच्या हातीं असतें, व त्या तें उघड्या हातांनीं करतात. ज्या मजूरबाईचे हात या गवतानें फुटले तिला घरीं बसावें लागतें, आणि घरीं बसली तर तिची चूल पेटत नाहीं. मालकानें दोन-तीनशें रुपयांचे हातमोजे आणून दिले नाहींत म्हणून एखाद्या बाईनें जन्माची व्याधि पत्करावी, हा हिशेब आमच्या मतें कोणत्याही शेतकऱ्यास शोभणारा नाहीं.

निवडुंगाचा इतिहास

हें तण कधींच हटणार नाहीं असें म्हणून हताश होणाऱ्यांनीं फड्या निवडुंगाचा इतिहास आठवावा. निवडुंगही अमेरिकेंतलाच. कुंपणाकरितां लावला, आणि पुढें माळरानेंच्या माळरानें त्यानें गिळलीं. पुण्यांत तो किती होता याची खूण नाना पेठेंतील निवडुंग्या विठोबाच्या नांवांतच राहिली आहे. ती मूर्ति निवडुंगाच्या जाळींत सांपडली अशी परंपरा आहे. या निवडुंगावर कोयता, आग हे सर्व उपाय हरले. शेवटीं निवडुंगाच्याच रसावर जगणारा पांढरट लोकरी किडा उपयोगी पडला. १७९५ सालीं ब्राझिलमधून रंगाकरितां आणलेल्या अशा किड्यानें निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. आणि १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून दक्षिण हिंदुस्थानांत आणलेल्या दुसऱ्या जातीच्या किड्यानें थोड्याच वर्षांत दुसऱ्या निवडुंगाचीं जंगलें साफ केलीं. आजच्या तरुण शेतकऱ्यास निवडुंगाचा त्रास ठाऊक नाहीं याचें श्रेय या क्षुद्र प्राण्यास आहे.

मेक्सिकोचा भुंगा

याच तत्त्वावर गाजरगवताचा शत्रु त्याच्या माहेरांतून आणण्यांत आला. मेक्सिकोंतील एक लहान भुंगा, शास्त्रीय नांव झायगोग्रामा बायकलरॅटा, १९८३ सालीं बंगळूर येथें आणला गेला. तो दुसरीं पिकें खातो किंवा काय याची परीक्षा बंदिस्त जागेंत करून १९८४ सालीं त्यास मोकळें सोडलें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत तो १९८० सालींच सोडलेला होता. हा भुंगा मळकट पांढरा असून पाठीवर काळसर नागमोडी पट्टे असतात. लांबी सुमारें पाव इंच. मादी पानांच्या खालच्या बाजूस पिंवळट अंडीं घालते. अळ्या शेंड्याचीं कोंवळीं पानें व कळ्या खातात, मग जमिनींत शिरून कोष करतात. अंड्यापासून भुंगा होण्यास सुमारें महिना लागतो. पाऊस सरला कीं भुंगे जमिनींत जाऊन निजतात व पुढल्या पावसाळ्यांत पुनः वर येतात.

मध्यंतरीं हा भुंगा सूर्यफूल खातो अशी कर्नाटकांत ओरड झाली व कांहीं काळ त्याचें काम थांबलें. चौकशीअंतीं असें दिसलें कीं सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडले असतील तर भुंगा तीं पानें थोडीफार कुरतडतो; परंतु सूर्यफुलावर त्याचा वंश चालत नाहीं. तेव्हां दोष पुनः शेजारच्या गाजरगवताकडेच जातो.

तरी या भुंग्यावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणें बरोबर नाहीं. त्याचें काम जुलै ते ऑक्टोबरपर्यंत. गवत मात्र बारमाही. शिवाय भुंगे पुरेसे वाढेपर्यंत पहिलीं झाडें फुलून जातात. निवडुंगाच्या किड्यानें एकट्यानें काम केलें. हा भुंगा मदतनीस आहे, एकटा पुरा पडणारा नाहीं.

उपाय

१. उपटणें, पण वेळीं. सर्व उपायांत हा श्रेष्ठ. फूल येण्यापूर्वीं, जमीन ओली असतां, झाड मुळासकट उपटावें. नुसतें कापलें तर बुडखा पुनः फुटून लवकर फुलतो. पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनीं, म्हणजे बहुधा आषाढांत, पहिली फेरी. श्रावणाच्या अखेरीस दुसरी. आणि परतीच्या पावसानंतर तिसरी, अशा तीन फेऱ्या कराव्यात. देशांत गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह १६ ते २२ ऑगस्ट असा पाळतात, तो चांगलाच आहे. परंतु जूनच्या पावसावर उगवलेलें झाड तोंवर फुललेलें असतें. सप्ताहाची वाट पाहून पहिली फेरी चुकविणें म्हणजे चोर गेल्यावर दार लावणें होय.

२. हात झांकणें. उपटतांना हातमोजे, लांब बाह्या व तोंडास फडकें असावें. काम झाल्यावर हातपाय साबणानें धुवावे व कपडे निराळे धुवावे. ज्यास एकदां खाज उठली आहे त्यास या कामास लावूं नये.

३. खत करणें. फुलापूर्वींचें गवत फुकट जाऊं देऊं नये. त्याचें उत्तम खत होतें. पाणी सांचत नाहीं अशा उंच जागीं तीन फूट खोल, सहा फूट रुंद व दहा फूट लांब खड्डा घ्यावा. गवताचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती, अशा रीतीनें खड्डा भरून वर घुमटासारखी माती व शेण यांनीं लिंपून बंद करावा. चार-पांच महिन्यांत खत तयार होतें. बीं धरलेलें झाड मात्र उघड्या ढिगावर केव्हांही टाकूं नये. ढिगाच्या मध्यभागीं उष्णता होऊन बीं मरतें, कडेचें जिवंत राहतें, आणि मग आपण आपल्याच हातानें शेतांत गाजरगवत पेरतों. असें खत चाळून ओलें करून एका कोपऱ्यांत पसरून पाहावें. रोपें उगवलीं तर तें शेतांत नेऊं नये. शहरांतून विकत आणलेल्या खताचीही हीच परीक्षा करावी.

४. जागा रिकामी न ठेवणें. गाजरगवत माजतें तें उघड्या, उकरलेल्या व चरून बोडक्या झालेल्या जमिनींत. दाट गवत असेल तेथें त्याचें फारसें चालत नाहीं. यास्तव बांधावर मारवेलीसारखें चाऱ्याचें गवत लावावें. पडीक जागीं टाकळ्याचें बीं हिवाळ्यांत गोळा करून ठेवून पावसाच्या तोंडावर फेंकावें. टाकळा दाट उगवून गाजरगवतास दाबतो. घराभोंवतीं झेंडू लावावा. परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे. टाकळ्याच्याच जातीचें एक परकें झुडुप गाजरगवतास हटवितें म्हणून मागें त्याची शिफारस झाली होती. तेंच आज पुण्याभोंवतालच्या टेकड्यांवर माजलेलें आहे. एका परक्यास हुसकून दुसऱ्यास घरांत घेणें हा उपाय नव्हे. जें लावावयाचें तें जनावरास खातां येईल असें, किंवा इथलेंच असावें.

५. भुंगे सोडणें. जेथें भुंगे मुबलक आहेत तेथून ऑगस्टच्या सुमारास पांचशें ते हजार भुंगे हवेशीर डब्यांत गाजरगवताच्या पाल्यासह आणून एकाच जागीं, दाट गवतांत सोडावे. विखरून सोडूं नयेत. पडीक जमीन, रस्त्याची कड, नदीकांठ या जागा यास योग्य. ज्या जागीं भुंगे सोडले तेथें औषध फवारूं नये व जमीन उकरूं नये.

६. औषधें. पिकांत व पडीक जागेंत निरनिराळीं तणनाशकें लागू पडतात. परंतु पीक, मात्रा व वेळ पाहून कृषि विद्यापीठाची शिफारस असेल तेंच घ्यावें. विहिरीजवळ, ओढ्याकांठीं व मधमाश्यांच्या पेट्यांजवळ फवारा टाळावा. मिठाच्या पाण्याचा, शेंकडा पंधरा-वीस भाग मिठाचा, फवारा गवत जाळतो हें खरें. पण मीठ जमिनींत राहतें, यास्तव तो फरसबंदीच्या सांध्यांपुरता व पडक्या भिंतींपुरताच ठीक. शेतांत कदापि नको.

७. वाट बंद करणें. बियाणें चाळून घ्यावें. परगांवचें गवत, कडबा किंवा भर घालावयाची माती आणली तर ती उतरविलेली जागा महिनाभर नजरेखालीं ठेवावी. भाड्याचें मळणीयंत्र व ट्रॅक्टर शेतांत घेण्यापूर्वीं चिखल धुवून काढावा. क्वीन्सलंडमध्यें याच तणासाठीं वाहनें धुण्याचीं स्थानकें केलीं आहेत. आपल्यास एक बादली पाणी व खराटा पुरे.

एकट्याचें काम नव्हे

वरील उपाय वाचून एखादा मेहनती शेतकरी म्हणेल, कीं हें सर्व मीं करतों, तरी दरवर्षीं गवत येतेंच. त्याची तक्रार खरी आहे. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारानें तीन वर्षें आपलें शेत हातानें स्वच्छ ठेविलें. परंतु वरच्या अंगास पडीक रान होतें, त्याचा मालक परगांवीं. दर पावसांत पाट फुटून त्या रानांतील बीं याच्या वाफ्यांत उतरे. चौथ्या वर्षीं त्यानें त्या गैरहजर मालकाची परवानगी काढून आधीं ते पडीक रान उपटविलें, व मग आपलें शेत. त्या वर्षीं त्याची खुरपणी निम्म्यावर आली. दुसऱ्याचें रान आपण कां उपटावें, असें लोकांनीं त्यास विचारलें. तो म्हणाला, “रान त्याचें असेल, गवत माझें आहे.”

या उत्तरांत सर्व मर्म आहे. कायदा आहे, नाहीं असें नाहीं. कर्नाटकानें १९७५ सालींच हें तण घातक म्हणून जाहीर केलें. परंतु जाहीरनाम्यानें गवत उपटलें जात नाहीं. बांध दोघांचा, रस्ता सरकारचा, गायरान गांवाचें, कालवा पाटबंधारे खात्याचा, नदीकांठ नगरपालिकेचा; आणि ज्याचें कोणी नाहीं त्या जागेंत गाजरगवत. यास्तव प्रत्येक गांवच्या शेतकरी मंडळानें आषाढांत एक दिवस ठरवावा. त्या दिवशीं वरच्या अंगापासून, म्हणजे ओढ्याच्या उगमाकडून व कालव्याच्या मुखाकडून, आरंभ करून खालीं यावें. पाणी जिकडून येतें तिकडे आधीं जावें. ग्रामपंचायतीनें हातमोजे पुरवावे. शाळेच्या मुलांस मात्र उपटण्यास लावूं नये. त्यांनीं ओळख शिकावी व कोणत्या जागीं रोपें उगवलीं त्याची यादी करून द्यावी, एवढें काम त्यांस पुरे. असें तीन वर्षें नेमानें झालें तर जमिनीच्या वरच्या थरांतील बियांचा साठा सरूं लागेल, व पुढील श्रम वर्षागणिक कमी होतील.

नारायण पेठेंतील व नदीकांठच्या इतर पेठांतील आमच्या नगरवासी बंधूंसही एक विनंती आहे. आपल्या वाड्याच्या परसांत, सोसायटीच्या भिंतीशीं किंवा नदीच्या उतारावर हें झाड दिसलें तर फूल येण्यापूर्वीं, हात झांकून, तें उपटावें. आपणांस तें पांच मिनिटांचें काम आहे. खालच्या अंगास तेंच कोणाची तरी आठ दिवसांची मजुरी वांचवील. गहूं व भाजी ज्या वाटेनें शहरांत येतात, त्याच वाटेनें शहराचें पाणी व कचरा शेतावर जातो. या देवघेवींत निदान गाजरगवताचें बीं तरी आपल्याकडून जाऊं नये, इतकी काळजी शहरानें घेतली, आणि पहिली फेरी आषाढांत चुकविणार नाहीं असा निश्चय शेतकऱ्यानें केला, तर ज्या पुण्यांतून हें तण देशभर पसरलें त्याच पुण्यानें त्याच्या बंदोबस्ताचा धडा घालून दिला असें होईल.